तीस अँपिअरचा हॉल

"सत्तावीस! तीन अँपिअर हातचे राहतात," फळ्यावरचा हिशेब संपवून उगाकी सरांनी खडू खाली ठेवला.

जपानमधल्या योनेझावातल्या त्या वस्तीच्या हॉलला वीज मिळे ती तीस अँपिअर. त्यापुढे ओढ झाली की मुख्य बटण पडलंच. आज समोरच्या नव्या इमारतीतली बिऱ्हाडं याकिसोबा, म्हणजे परतलेल्या नूडल्स, खायला येणार होती. वस्तीच्या मंडळात अकरा जण उरले होते, सगळे सत्तरीपुढचे. पाच नवी घरं सभासद झाली नाहीत, तर महिनाअखेर हॉलला कुलूप. म्हणून अध्यक्ष तोकिएकाकूंनी विजेचं काम निवृत्त विज्ञानशिक्षक उगाकी सरांवर सोपवलं होतं.

सरांनी मीटर लावून एकेक वस्तू तपासली. नूडल्स परतायचे दोन विजेचे तवे आणि चहाची किटली, प्रत्येकी नऊ अँपिअर. शंभर व्होल्टला नऊनं भागलं, रोध अकरा ओहम. नऊनं गुणलं, नऊशे वॉट. दिवे बंद, उबेला रॉकेलचा स्टोव्ह. चुकायला जागाच ठेवली नव्हती बिचाऱ्यांनी.

पाहुणे आले, वाकून वाकून नमस्कार झाले आणि सगळे भिंतीला पाठ लावून गप्प बसले. नूडल्स चुरचुरायला लागल्या आणि खट्! तवे गार. बटण वर केलं. दहा मिनिटांनी पुन्हा खट्!

"सर, गणित कच्चं राहिलं वाटतं," काकू कुजबुजल्या.

"गणित पक्कं आहे. हा तवाच लबाड आहे!" सरांनी तो पुन्हा मोजला. नऊच.

एक जोडपं हळूच बूट शोधायला लागलं.

तिसऱ्यांदा खट् झालं तेव्हा शौचालयातून मंडळातले नेमोतो आजोबा किंचाळले, "अहो, पाणी एकदम बर्फ झालं की!"

सरांनी कपाळावर हात मारला. बूड शेकणारं, खालून कोमट पाणी उडवणारं ते कमोड! एकटं बारा अँपिअर खाणारं! इथे घरोघरी असतं, म्हणून त्याला विजेची वस्तू कुणी समजतच नाही. शिवाय तिकडे जाणारा माणूस चारचौघांत कळू नये म्हणून असा मांजरपावलांनी सटकतो, की संशय यावा कुणाला?

"काढा त्याचा प्लग," काकू म्हणाल्या.

"या थंडीत? जीव जाईल माझा!" आतून उत्तर आलं.

सर भराभर लिहू लागले. "एक तवा बंद केला की उरतात अठरा. त्यात हे बारा. तीस, बरोब्बर! फक्त जाणाऱ्यानं आधी सांगायचं."

असं कोण सांगणार? तेवढ्यात पाहुण्यांतली चार वर्षांची हियोरी हात वर करून उठली. "मला शू आलीय!"

"तवा बंद!" काकू ओरडल्या.

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. थोड्या वेळानं कान लाल करून तिचे वडील उभे राहिले. "मी... ओकुयामा. मलाही..."

"ओकुयामा चालले! तवा बंद!"

दुपारपर्यंत एकेकाचं नाव सगळ्यांना पाठ झालं. "झालं का हो? लावू का तवा?" अशा चौकशा दाराबाहेरून व्हायला लागल्या. बूट शोधणारं जोडपं तवा सांभाळायला बसलं होतं.

नऊ घरांनी अर्ज भरले. काकूंचा आनंद पोटात मावेना. "आता पहिलं काम, चाळीस अँपिअर घ्यायचे!"

ओकुयामांनी लिहिता लिहिता मान वर केली. "नको हो काकू. वर्ष झालं आम्हाला त्या इमारतीत. मी कुठे निघालोय, हे आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

चष्मा पुसत सर म्हणाले, "तीस पुरेत."