पोटाची पत्रिका

अकोल्याहून आचलची पत्रिका आली तेव्हा खुशालरावांनी पाकीट फोडूनही पाहिलं नाही.

"गुण जुळवून काय करता?" ते बायकोला म्हणाले. "पोटातले जिवाणू जुळले पायजे."

रुख्मिणीबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. त्यांच्या मुलाने, शिवमने, तिशी ओलांडली होती. लग्नाच्या बाजारात शेती असून नोकरी, नोकरी असून घर, घर असून आणखी काय काय विचारून मुलीवाले थकले होते. त्यात ही एक मुलगी त्याला आवडली होती आणि तिलाही तो चालत होता. आता हे जिवाणू कुठून उपटले?

उपटले होते अमरावतीच्या एका हॉटेलातल्या मोफत शिबिरातून. खुशालरावांना ढेकरांचा त्रास. तिथे 'उदरमित्र' नावाच्या कंपनीच्या सागर नावाच्या टायवाल्या पोराने सांगितलं, की माणूस जेवतच नाही, त्याच्या आतड्यातले जिवाणू जेवतात, आणि प्रत्येकाच्या जिवाणूंची आवड वेगळी. डबीत नमुना पाठवा, कंपनी तुमचा आहार ठरवून देते. खुशालरावांच्या जिवाणूंना तुरीचं वरण वर्ज्य निघालं. धामणगावच्या बाजारात दरसाल गाडीभर तूर विकणारा माणूस तेव्हापासून वाफवलेली लवकी, म्हणजे दुधी भोपळा, खाऊ लागला. ढेकर थांबले नाहीत, पण ते आता शास्त्रीय वाटू लागले.

त्याच कंपनीचं 'कुटुंब पॅक'ही होतं. एका घरातल्यांचे जिवाणू एकमेकांशी किती जुळतात, ते टक्क्यांत कळायचं. खुशालरावांनी लगोलग अकोल्याला आचलच्या आईला, चंदाबाईंना फोन लावला.

"ईनबाई, पोरीचं सॅम्पल पायजे होतं."

"कायचं? ब्लाउजचं?"

"नाही नाही. सकाळचं."

"सकाळचं काय?"

"आता कसं सांगू बाप्पा… डबीत द्या लागते. छोट्या डबीत."

पलीकडे चंदाबाईंचा आवाज चढला, "तुमी पोरगी पाहून राहिले का जनावर?"

शिवमने डोक्याला हात लावला. लग्न मोडलंच, असं धरून तो गच्चीवर निघून गेला. पण तेवढ्यात फोन आचलने घेतला. ती बँकेत कर्जाचे अर्ज तपासायची, त्यामुळे कुठल्याच मागणीने ती दचकत नसे.

"काका, पाठवीन मी सॅम्पल. पण मले एकट्या शिवमसोबत नाही जेवाचं. त्या घरात जे जे जेवतात, त्या साऱ्यायचं करा. माझ्याशी सारे जुळले पायजे न?"

खुशालरावांनी लगेच होकार दिला. मुद्दा शास्त्रीय होता.

घरात तीन डब्या भरल्या गेल्या. कंपनीने थंड जागी ठेवायला सांगितलं होतं.

"फ्रिजात?" रुख्मिणीबाई दारात आडव्या झाल्या. "माह्या दुधाजवळ? आदी मले बाहीर काढा, मंग थे आत ठेवा!"

शेवटी डब्या ओल्या फडक्यात गुंडाळून खुशालरावांनी भर दुपारी स्कूटरवर कुरिअरच्या दुकानात नेल्या.

"आत काय हाय, काका?" दुकानदाराने विचारलं.

"घरगुती हाय."

"लोणचं असन तं पक्कं पॅक करा लागते. गळते."

"गळत नाही," खुशालराव घाम पुसत म्हणाले.

निकाल सांगायला सागर स्वतः घरी आला. चंदाबाई आणि आचलही अकोल्याहून आल्या. खुशालराव मधोमध खुर्ची टाकून बसले, परीक्षकासारखे.

"आचल आणि शिवम, एक्क्याण्णव टक्के," सागरने वाचलं. "आचल आणि काकू, चौऱ्याण्णव."

"अन् माझं?"

सागरने टाय सैल केला. "काका, तुमचं अकरा. घरात कोणाशीच जुळत नाही."

कोणी हसलं नाही, हेच वाईट झालं. चंदाबाईंनी पदर सावरून शांतपणे विचारलं, "मंग भाऊ, जो जुळत नाही त्याचं काय करतेत तुमच्या शास्त्रात?"

सगळ्यांच्या नजरा खुशालरावांवर होत्या. आपलं काय चुकलं ते त्यांना कळत नव्हतं, आणि पाय कुठे ठेवावेत तेही कळत नव्हतं. दाखवायला बसवलेल्या पोरीला असंच होत असेल काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"घाबरायचं नाही," सागर म्हणाला. "जिवाणू बदलतात. घरात जे शिजतं ते थोडं थोडं खायचं, सवय करून घ्यायची. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू."

लग्न झालं. आचल घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने सासऱ्यांच्या ताटातली लवकी उचलून तिथे चमचाभर वरण वाढलं.

"मामाजी, आज एवढंच. उद्या दोन चमचे."

"पण तूर मले…"

"सवय होईन," आचल म्हणाली.

खुशालरावांनी खाली मान घालून वरण-भात कालवला. पहिल्या घासाला त्यांचे डोळे मिटले, पण ते कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी लगेच पाण्याचा पेला तोंडाला लावला.

दोन महिन्यांनी शेजारच्या माणिकबाई चहाला आल्या. त्यांनी आवाज खाली करून नेहमीचा प्रश्न विचारला, "कसं काय व, बरोबर नांदून राहिली का?"

"आचल? थे तं पयल्या दिवशीच रुळली," रुख्मिणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी माजघराकडे एक नजर टाकली. "हे नांदून राहिले आता. जरासे हट्टी हायेत. पण आमी दोघी घेतो सांभाळून."