सोमनाथरावांची घोडी

सोमनाथरावांनी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या धनराजच्या दुकानातून जुनं व्हायोलिन घेतलं, ते तिथलं सर्वांत स्वस्त होतं म्हणून. चांगलं वाद्य घेण्याची आपली लायकी आहे, असं त्यांना अडुसष्टाव्या वर्षीही वाटत नव्हतं. चाळीस वर्षं ग्रंथालयात लोकांना गप्प बसवलेल्या माणसाने आता आवाज करायचा? कॉलनी हसेल. म्हणून व्हायोलिन चादरीत गुंडाळून नाशिक रोडच्या रो-हाऊसमागे, पत्र्याच्या खोलीत गेलं.

पहिलीच खुंटी पिळली आणि तारांखालची लाकडी घोडी आडवी झाली. त्यांनी घाबरून परसातूनच धनराजला फोन लावला.

"अहो, घोडी पडली! उभीच राहत नाहीये... नाही हो, मारलं नाही, जरा ताणलं फक्त... पाय नीट टेकवू? आणि पोटावर दाब आला तर?"

भिंतीपलीकडे शेजारच्या वत्सलाबाई कपडे वाळत घालत होत्या.

संध्याकाळी सोसायटीचा सेक्रेटरी किशोर आला. "काका, कुत्रं असतं तर मी बोललो नसतो. पण घोडी?"

"घोडी?"

"वत्सलाबाईंनी सगळं ऐकलंय. वरातीला भाड्याने देणार का?"

'व्हायोलिन' एवढा एकच शब्द पुरला असता. तो ओठांपर्यंत आला आणि लाजून परत फिरला.

"परत करतो," सोमनाथराव म्हणाले.

"उद्याच करा. आणि या वयात तिच्यावर बसू नका हं."

सकाळी घोडी एकदाची उभी राहिली. सोमनाथरावांनी दार लावून तारांवरून गज ओढला. असा आवाज निघाला, की त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिलं. धीर करून पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा ओढणार, तोच दार वाजलं.

त्यांनी दार जेमतेम उघडलं. बाहेर वत्सलाबाई. हातात पातेलं, त्यात भिजवलेले हरभरे आणि गूळ.

"भाऊ, लय रडतीय हो ती. माझ्या माहेरी व्हती एक. तिचं पिल्लू इकलं, तवा आशीच हाका मारायची. माझ्यामुळं चाललीय बिचारी. एवढं खाऊ घाला, मंग न्या."

वत्सलाबाईंचे डोळे भरले होते. किशोरशी खोटं बोलणं सोमनाथरावांना जमलं होतं; इथे जमेना.

"वत्सलाबाई, ती रडत नव्हती. मी... वाजवत होतो." त्यांनी दार पूर्ण उघडलं.

वत्सलाबाईंनी व्हायोलिन पाहिलं. खात्रीसाठी दारामागे आणि पिंपामागेही पाहिलं. सोमनाथराव मान खाली घालून त्यांच्या हसण्याची वाट पाहत राहिले.

"शिकताय व्हय?"

"हो. म्हणजे... जमणार नाही बहुतेक."

"मंग हे तुमीच खा. लय जोर लागत आसंल." पातेलं त्यांच्या हातात देऊन वत्सलाबाईंनी बादली उपडी घातली आणि त्या दारातच बसल्या. "आन् ते परत वाजवा. पिल्लाला हाक मारती ना, ते."

त्यातलं ते नेमकं कुठलं, हे सोमनाथरावांना कळेना. त्यांनी चार हरभरे तोंडात टाकले आणि गज उचलला.