डिंकाचे तज्ज्ञ

कारखान्याशी सहकार्य सुरू करणं म्हणजे काय मोठी गोष्ट! जायचं, आपलं संशोधन दाखवायचं, हात मिळवायचा आणि परत यायचं. असं बायकोला सांगून मी घरातून निघालो. बावीस वर्षं मी डिंकावर संशोधन करतोय. विभागप्रमुखांनी बजावलं होतं, की सत्र संपायच्या आत एखादा कारखाना जोडीला आला नाही, तर माझ्या प्रयोगशाळेत जुनी कपाटं ठेवण्यात येतील. म्हणून पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका मालकांची वेळ घेतली आणि चौसष्ट स्लाइड्स तयार केल्या.

फाटकावर रखवालदाराने विचारलं, "डिंकाचं बघायला आलात?"

मी ताठ मानेने हो म्हटलं. त्याने मला निळा डगला दिला आणि थेट मशीनपाशी नेऊन सोडलं. संशोधनाला केवढा हा मान, असं मला वाटलं.

मशीन चालवणाऱ्या बाईंना तिथे सगळे ताई म्हणत. त्यांनी मला दुरुस्तीवाला समजून सांगितलं, "दादा, सकाळी चिकटवलेली खोकी दुपारपर्यंत उघडतात. बघा जरा."

आता डिंकाच्या तज्ज्ञाने नाही कसं म्हणायचं? मी एका खोक्याच्या दोन्ही बाजूंना डिंक फासला, तळव्यांनी गच्च दाबून धरलं आणि रेणू एकमेकांना कसे धरून ठेवतात ते समजावू लागलो. बोलणं संपलं तेव्हा खोकं पक्कं चिकटलं होतं. मला.

ताईंनी कोमट पाणी आणलं. अर्धा तास तरी लागेल म्हणाल्या. हात अडकलेले, लॅपटॉप पिशवीत. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच मी नुसतं ऐकून घेतलं. ताई सांगत होत्या, की सकाळी फरशी धुतात आणि पुठ्ठ्याचे गठ्ठे तिथेच खाली पडलेले असतात. ज्या दिवशी फरशी धुवत नाहीत, त्या दिवशी एकही खोकं उघडत नाही. हे त्यांनी वर तीनदा कळवलं होतं. कुणी मनावर घेतलं नव्हतं.

बावीस वर्षं मी डिंक तपासला होता तो फक्त कोरड्या पुठ्ठ्यावर!

"ताई, मी दुरुस्तीवाला नाही, प्राध्यापक आहे," मी कबूल करून टाकलं. "आणि ओल्या पुठ्ठ्याचं मला खरंच काही माहीत नाही. पण शोधून काढता येईल. तुम्ही मदत कराल?"

"मी उघडलेल्या खोक्यांची वही ठेवलीय, सर," ताई म्हणाल्या. "ती घेऊन बसू."

तेवढ्यात मालक आले. सोबतच्या पाहुण्याला ते अदबीने मशीन दाखवत होते. पाहुण्याच्या हातात पान्यांची पिशवी होती. खरा दुरुस्तीवाला! मालकांनी त्याला प्राध्यापक समजून केबिनमध्ये बसवून चहा पाजला होता आणि खोकी का उघडतात, असं विचारलं होतं. मशीन पाहिल्याशिवाय काही सांगणार नाही, एवढंच तो म्हणाला होता. मालक खूश! आजवर आलेला प्रत्येक प्राध्यापक न पाहताच सगळं सांगायचा. त्यांनी तिथूनच आमच्या विभागप्रमुखांना फोन करून होकार कळवला होता.

घोटाळा उलगडल्यावर मालक पोट धरून हसले, पण ताईंची वही पाहून त्यांनी होकार कायम ठेवला. प्रयोगशाळा वाचली. आता दर गुरुवारी मी ताईंकडे ओला पुठ्ठा शिकायला जातो.

मालकांना मी नेमकं काय सांगून पटवलं, असं विभागप्रमुख अजूनही कौतुकाने विचारतात. मी विषय बदलतो.