एकाच गाडीतले दहा शब्द

"कॉन्सर्ट अन् कॉन्ट्रॅक्टर एकाच गाडीत बसल्ते, उतरले कुठं बघ," भिंतीपलीकडे किसनकाका काकूंना सांगत होते. "गाण्याचा अन् सिमेंटचा काय संबंध?"

"तुमचा अन् इंग्रजीचा जेवढा हाय तेवढा," काकू म्हणाल्या. "शेंगा फोडा."

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर काकांनी इंग्रजी शिकायला घेतलं. पद्धत त्यांची स्वतःची. आठवड्याला तीन अक्षरं ठरवायची, त्यांनी सुरू होणारे दहा शब्द शाळेच्या डिक्शनरीतून वहीत उतरवायचे, की झाली एक गाडी. अर्थ कळलेल्या शब्दापुढे जुन्या तिकिटाच्या पंचने भोक पाडायचं. "चढायचं ठिकाण एक, उतरायचं ज्याचं त्याचं," हे त्यांचं वाक्य जाफराबादच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

अडलेला शब्द माझ्याकडे यायचा. मी जालन्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून त्यांची 'मॅडम'. मी दोन शब्दांत उत्तर द्यायची. तेवढ्यावरही ते म्हणायचे, "बिलकुल बराबर!"

दिवाळीनंतर एम-ई-टीची गाडी आली. मेटल, मेथड, मीटर... नऊ शब्द काकांच्या गोल अक्षरात. दहावा तुटक, कुठल्या तरी कागदावरून एकेक अक्षर बघून काढलेला. मेटास्टॅसिस.

"हा आमच्या डिक्शनरीत न्हाई," काका म्हणाले. "सहज विचारून राह्यलो."

काकूंच्या पोटाचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. गाठ साधीच होती, असं त्यांचा पुण्यातला मुलगा फोनवर सांगायचा. मला शब्द माहीत होता. आजार मूळ जागा सोडून अंगात दुसरीकडे पसरणं. बाकीचे नऊ शब्द कशाला बरोबर आणले होते, तेही कळलं.

"बघून सांगते," मी म्हणाले आणि घरात गेले.

आठ दिवस भिंतीकडे फिरकले नाही. कपडेसुद्धा गच्चीवर वाळत घातले. ऐकू मात्र सगळं यायचं. काकूंना शहागडला बहिणीकडे जायचं होतं. "जरा बरं वाटू दे, मंग जाऊ," काका रोज म्हणायचे. काकूंचा आवाज आधी अंगणातून यायचा, मग आतल्या खाटेवरून यायला लागला.

नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काका ओसरीवर औषधाच्या गोळ्या सकाळच्या, रात्रीच्या अशा वेगळ्या करत होते. मला बघून त्यांनी वही काढली नाही की अर्थ विचारला नाही.

"सापडला नसंल तर राहू दे, मॅडम," ते हळूच म्हणाले. "असतोय एखादा अवघड."

माझी सुटका करायलाही तेच पुढे आले होते. मी खाली बसले.

"काका, आजार पसरलाय. मला त्याच दिवशी माहीत होतं. काकूंना बरं वाटायची वाट बघू नका, उद्याच शहागडला घेऊन जा."