दगडूआबांचा मोडलेला अध्याय

आमच्या कुसगावात देवाला सुदिक पोथीचा शेवट ठावं न्हाई, कारन ती वाचत्यात दगडूआबा. वाचताना मधी कुनी शिंकलं, की आबा मांडीवर हात आपटनार, "मोडला! पुन्ना पयल्यापासनं!" आन परत पयल्या ओवीवर. कोंबडं आरवलं, मोडला. घाटात इंजानानं शिट्टी घातली, मोडला. अध्याय सरल्याबिगर परसाद न्हाई, म्हून आमी बाया खोबऱ्याच्या वाटीकडं बघत आवंढं गिळत बसायचो. गेल्या सरावनात सगळं मिळून दोन अध्याय झालं.

आबा एकलेच. घरी वाचा म्हनलं तर म्हनायचे, "तितं रंगत न्हाई." आन आमच्याच ओट्यावर पोथीचं बासन सोडायचे. मला लय भ्या वाटायचं. माझी सखू चार म्हैन्यांची, सारखी रडकी. एका सकाळी तिनं सातदा अध्याय मोडला. सासूबाई म्हनल्या, "पोरीनं देवाचा गळाच धरला की गं!"

मंग सखूला ताप आला. लोनावळ्याचा डाक्टर औषद देऊन म्हनला, भुकंला रडली की समजा वाचली. पन रडंल तर ना. दोन दिस नुसती पडून, डोळं अर्धं. मी दोन बुकं शिकल्याली, पन देवाला काय म्हनावं, एक अक्षर सुचंना. मांडी भरून आल्याली, तरी तिला खाली ठिवायचं भ्या.

तिसऱ्या सकाळी आबा वाचाया बसले. सगळी आळी गप. आबा शेवटल्या ओवीपाशी आले, थांबले, पानं मागं घेतली आन पुन्ना पयल्यापासनं. असं तीनदा.

सासूबाईंनी इचारलं, "आबा, आज कुनी मोडला?"

"कुनी न्हाई," आबा म्हनले. "म्हून तर."

चौथ्यांदा निम्म्यावर आले आन सखूनं जो टाहो फोडला! मी तशीच तिला घिऊन भाईर पळाले. "आबा, मोडला, मोडला!"

आबांचा हात वर गेला, पन आपटला न्हाई. त्यांनी गुमान पोथी बासनात बांदली आन अध्याय न सरताच खोबरं वाटाया घेतलं. माझ्या हातावर जरा जास्तीच ठिवलं.

मी म्हनलं, "आबा, उद्या पन रडंल ही."

"रडू दे, पोरी," आबा डोळं पुशीत म्हनले. "माझ्या घरात मोडाया कोन हाय?"