सोनाबाईंचं शिळं पाणी

"आई, नळ आता चोवीस तास चालू हाय. पिंप कशाला भरताय?" भाविकाने सासूला विचारलं.

"आज हाय, उद्या नाय," सोनाबाई म्हणाल्या. पिंप झालं, कळश्या झाल्या, टोप झाले आणि मग त्यांनी चहाची किटली नळाखाली धरली.

पनवेलला खेटून असलेल्या त्या गावात नवी पाणीयोजना आली होती. आधी एका आळीत आठवडाभर चाचणी. वापर आटोक्यात राहिला तर नळ कायमचा चालू, नाहीतर पुन्हा दिवसाआड तासभर. भाविकाचा सगळा जीव त्या चाचणीत अडकला होता. लग्न झाल्यापासून पाण्याच्या वेळेला घरात हजर राहायचं ते तिनेच, त्यामुळे माहेरी करंजाला मुक्काम म्हणून कसला तो नाही. आणि आता तिच्या भावाची नवी होडी पाण्यात उतरायची होती.

भरलेलं पाणी भरलेलंच राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण सोनाबाईंच्या घरात शिळं पाणी प्यायची पद्धत नव्हती. नळाला ताजं आलं की कालचं ओतायचं, भांडी घासायची, पुन्हा भरायचं. पूर्वी हे दिवसाआड व्हायचं. आता नळाला सदानकदा ताजंच! मग काय, सोनाबाई सकाळीही ओतू लागल्या आणि संध्याकाळीही. त्या करतात म्हणजे बरोबरच असणार, म्हणून अख्खी आळी ओतू लागली.

आळीच्या तोंडाशी बसवलेल्या मीटरचा आकडा बघून योजनेचा इंजिनीअर सत्यजीत हबकलाच. तो घरोघर फिरला.

"आजी, पाणी वाया घालवता का?"

"वाया?" सोनाबाई भडकल्या. "अरं, आमी पाण्याला देव मानतो! एक थेंब नाय घालवत."

आळीभर त्याला हेच उत्तर मिळालं, आणि कुणीही खोटं बोलत नव्हतं. शिळं टाकणं म्हणजे वाया घालवणं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"म्हणजे लिकेज!" सत्यजीत म्हणाला आणि जेसीबीला फोन लावला.

इकडे भाविका रडकुंडीला आली. "आई, चाचणी फसली तर मी होडीला नाय जाणार. परत नळाखालीच बसणार."

सोनाबाईंच्या सख्ख्या भावाच्या हळदीला त्याही नळाखालीच बसल्या होत्या. त्यांना एकदम वाईट वाटलं. त्यांनी उठून पिंप ओतलं, अंगणात उपडं घातलं आणि आळीभर निरोप धाडला, "हाय ते ओता, आजपासून कुणी भरायचं नाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यजीत जेसीबी घेऊन आला आणि त्याने पाणी बंद केलं.

आळीत तोंड धुवायला पाणी नव्हतं. सगळे सोनाबाईंच्या दारात जमले. सोनाबाईंनी उपड्या पिंपाकडे बघितलं, मग सुनेकडे.

"भरू नका, भरू नका बोलत होतीस ना! आता पी चहा!"

दिवसभर रस्ता खोदला. लिकेज सापडलं नाही. सत्यजीतने माती लोटली, नळ सोडला, आणि आळीने किटलीपर्यंत सगळं भरून घेतलं.

पण आता सोनाबाईंना धडा मिळाला होता. "ह्या नळाचा काय भरवसा नाय," त्या म्हणाल्या. "भरलेलं हाय ते ऱ्हाऊ दे. शिळं तर शिळं. कुणी टाकलं तर माज्याशी गाठ हाय." भरलेल्या पिंपात आणखी भरता येत नसल्यामुळे आळीचा वापर धाडकन खाली आला. चाचणी पास झाली.

सत्यजीतचा सत्कार झाला. खोदल्यामुळे लिकेज आपोआप बुजलं, असं त्याने सांगितलं आणि साहेबांना ते पटलं. आता चाचणीआधीच प्रत्येक आळी खोदायची असं ठरलं.

शेजारच्या आळीत जेसीबी घरघरत होता तेव्हा भाविका बॅग घेऊन निघाली. सोनाबाईंनी तिच्या हातात पाण्याचा भरलेला कॅन दिला.

"तुज्या माहेरी नळ गेला तर?"

"आई, हे तर परवाचं हाय!"

"असू दे," सोनाबाई म्हणाल्या. "टाकू नको पन."