चाखणारे बापूराव आणि पांढरी अळंबी

मुलांनो, जिथे अजून रस्ता पोचलेला नाही पण सरपंच पोचले आहेत, अशा एका जंगलात उंदरांची वस्ती होती.

नवं खाणं सापडलं की तिथे आधी एकच जण घास घेई: वस्तीचे चाखणारे, बापूराव. दुसऱ्या दिवशी ते त्याच खाण्याकडे परतले, तर ते चांगलं. नाक मुरडून निघून गेले, तर सगळे मिळून त्यावर मुतत. याला ते लोकशाही म्हणत.

एकदा बापूरावांच्या मानेवर कवठ पडलं. साळिंदर वैद्यांनी तपासलं आणि बापूरावांच्या बायकोला, गोदाला, बाजूला घेतलं.

"जीभ ठीक आहे, वहिनी. मेंदूच्या देठाला मार बसलाय. चव लागेल, पोटही दुखेल. पण ह्या चवीनंच पोट दुखलं, हे आता त्यांच्या डोक्यात जुळायचं नाही."

त्याच आठवड्यात पांढरी अळंबी उगवली. बापूरावांनी घास घेतला. संध्याकाळभर पोट धरून लोळले. सकाळी उठले, मिशा पुसल्या आणि थेट अळंबीकडे निघाले.

गोदा घाबरली. त्यांच्या मागोमाग आख्खी वस्ती जेवणार होती, आणि रांगेत तिची पाच पिल्लं होती.

"सरपंच, थांबवा! काल हे मरता मरता वाचलेत."

"मग परत कशाला आले असते?" सरपंच म्हणाले. "काय बापूराव, पोट दुखलं?"

"दुखलं की. फार."

"आणि अळंबी?"

"झकास!"

टाळ्या पडल्या.

"ऐकलंत, गोदाबाई? अशानं नवऱ्याचा मान घालवाल."

गोदानं पिल्लांना पुढे घातलं, नवऱ्याची शेपटी दातात धरली, सगळ्यांना बिळात कोंबलं आणि दारात स्वतः बसली.

वस्ती जेवली. वस्ती लोळली. दुसऱ्या सकाळी अळंबीच्या नुसत्या वासानं सगळ्यांना मळमळलं. त्यांचे देठ शाबूत होते ना! एक म्हातारा तर मुतायला पुढे झालासुद्धा.

"खबरदार!" सरपंच कडाडले. "बापूराव दुसऱ्या दिवशी खायला आले होते. तुमचं पोट त्यांच्यापेक्षा शहाणं लागून गेलं का?"

सगळे ओशाळले. नाक दाबून पुन्हा जेवले.

"गोदे, सोड ना," बिळात बापूराव गयावया करत होते. "एकच घास. सगळे खातायत."

"आता नाही खात," बाहेर बघत गोदा म्हणाली. "कुणीच नाही खात."

तात्पर्य: मेंदूच्या देठाला मार बसला, तर अनुभवातून शहाणपण येत नाही. देठ शाबूत असेल, तर ते न येण्यासाठी सरपंच लागतो.